गॅलेक्सी ए३६ घ्यावा की जुनाच फोन चालवावा? वावरात काम करणाऱ्यांनी सांगा

वावरातला
रामराम मंडळी. मी धामणगाव रेल्वे तालुक्यातला, कापूस आणि तूर घेतो. २०२५ चं सीतादही (वेचणीच्या सुरुवातीची पूजा) झालं, पहिल्या वेच्याचा कापूस घरात आहे आणि घरात फोनचा विषय निघाला आहे.

माझा फोन २०२१ चा, फोर-जी. दोन सिम आणि मेमरी कार्ड, तिन्हीला वेगळी जागा. आता केबल जरा हलली की चार्जिंग बंद होतं. दुपारपर्यंत बॅटरी संपते. जागा भरल्याचा निरोप रोज येतो. यंदा ई-पीक पाहणीत, म्हणजे पिकाच्या सरकारी नोंदीत, फोटो घेताना ॲप परत परत बंद पडलं. कंपनीचे अपडेट यायचे तर केव्हाच थांबले. फोनवर बँक आहे, पीएम-किसानची केवायसी आहे, सीसीआयच्या (हमीभावानं कापूस घेणारं सरकारी महामंडळ) कपास किसान ॲपवरची नोंदणीही यातच आहे.

पोरगा म्हणतो सॅमसंगचा गॅलेक्सी ए३६ घ्या. मार्च २०२५ मध्ये आला तेव्हा ८ जीबी-१२८ जीबीची किंमत ३२,९९९ होती. एवढे पैसे घालावे इतका फरक पडतो का? गेम मी खेळत नाही. ऊन, धूळ, फवारणी आणि रात्रीची ओलिताची पाळी यात टिकला पाहिजे.

पांढरंसोनं
आधी हिशोब कापसात करा भाऊ. २०२५-२६ च्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० आहे. म्हणजे तो फोन झाला चार क्विंटलचा. तेही ओलावा ८ टक्क्यांच्या आत असेल तर, त्यावर गेला की कपात, आणि १२ च्या वर गेला की सीसीआय घेतच नाही. त्यात वेचाईची मजुरी, गाडीभाडं. चार क्विंटल कापूस एका खिशात ठेवून चिखलात फिरायचं का, हे ठरवा.

नागपुरी_संत्रा
पोराला फोन पाहिजे की बापाला, हे पहिले विचारा 😀 आमच्याकडे "बाबा तुमचा फोन जुना झाला" असं पोरगं म्हणालं की समजायचं, जुना त्याला पाहिजे.

मोबाईलडॉक्टर_आर्वी
वावरातला भाऊ, फोन बदलाच्या आधी एक काम करा. फोन बंद करा, चार्जिंगच्या भोकात टॉर्चचा उजेड मारून पाहा. आत तळाशी करडा थर दिसन. तो कापूस हाय. माह्या दुकानात दिवाळीपासून संक्रांतीलोक हेच काम येते. वेचणीच्या दिवसात फोन खिशात, खिशात तंतू, आन् दर वेळी केबल टाकली की तो तंतू आतमंदी ठोकून बसते. गादीसारखा घट्ट होते. मंग केबल पुरी आत जात नाही, टक् असा आवाज येत नाही, हलली की चार्जिंग बंद. लोक म्हणते पोर्ट गेला, लोक म्हणते फोन गेला.

लाकडी टूथपिक घ्या, टोक जरासं चपटं करा, आन् कडेकडेनं हळू ओढा. मधात जी जीभ असते तिले धक्का लावू नका. सुई, टाचणी बिलकुल नाही. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ आत जाते. करून पाहा आन् इथंच सांगा.

गुरुजी_दारव्हा
मोबाईलडॉक्टरांचा सल्ला योग्यच आहे. मी मूळ प्रश्नाकडे येतो. नवा फोन घ्यायची कारणं तीनच धरावीत: काम अडतंय, दुरुस्ती परवडत नाही, किंवा फोन असुरक्षित झाला आहे. तुमच्या बाबतीत पहिल्या दोन्हींचं उत्तर दुकानात मिळेल. तिसरं मात्र दुरुस्तीनं सुटत नाही. ज्या फोनला सुरक्षा अपडेट मिळत नाहीत, त्यात सापडलेली नवी भोकं उघडीच राहतात. त्यावर बँक चालवणं मला पटत नाही.

ए३६ ला सहा वर्षं अपडेट देऊ असं सॅमसंगनं जाहीर केलं आहे, म्हणजे २०३१ पर्यंत. वरच्या फोनांत गूगलनं पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगनं गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षं दिली. ही गोष्ट अलीकडची आहे. २०२१ च्या स्वस्त फोनांना दोन-तीन वर्षांवर फारसं कोणी देत नव्हतं. त्यामुळे आज फोन घेताना मी कॅमेऱ्याआधी हा आकडा पाहतो.

पुण्यातला_वऱ्हाडी
गुरुजी, थोडा विरोध करतो. आमच्या गावात ज्यांचे पैसे गेले त्यांचे फोन जुने होते म्हणून गेले नाहीत. व्हॉट्सॲपवर "पीएम किसान यादी" नावाची एपीके (फोनात ॲप बसवणारी) फाइल आली, त्यांनी उघडली, परवानग्या दिल्या, ओटीपी तिकडे गेले. फोन कालचा असला तरी हे होतं. अपडेटपेक्षा ती फाइल न उघडणं महत्त्वाचं. आणि पैसे गेलेच तर त्याच घडीला १९३० या सायबर मदत क्रमांकाला फोन लावायचा, उद्यावर टाकायचं नाही.

गुरुजी_दारव्हा
मान्य, फसवणुकीचा मोठा रस्ता तोच आहे. पण दार उघडं टाकणारा माणूस आणि मोडकं कुलूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही सांभाळाव्या लागतात.

आशाताई_वणी
मी आशा वर्कर आहे. दिवसभर उन्हात गावात फिरून फोनवर माहिती भरते. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. फोन साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा, असं ॲपलसारख्या कंपन्या स्वतःच लिहितात. मग मे महिन्यात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे: स्क्रीन आपोआप अंधूक होते, चार्जिंग थांबतं, कॅमेरा उघडत नाही. फोन स्वतःला वाचवत असतो. नवा महागडा फोनही हेच करतो.

म्हणून दुकानात एसीखाली फोन पाहू नका. दादा, दुकानदाराला सांगून फोन घेऊन बाहेर दुपारच्या उन्हात उभे राहा आणि एखादा अर्ज वाचून पाहा. ब्राइटनेस ऑटोवर ठेवा. बहुतेक फोनांत उन्हातला सगळ्यात जास्त उजेड ऑटोवर असतानाच मिळतो, हातानं पट्टी शेवटपर्यंत ओढून तेवढा मिळत नाही. ए३६ ची स्क्रीन या बाबतीत चांगली आहे, आमच्या सुपरवायझर मॅडमकडे आहे. मी तिच्यावर भर उन्हात यादी वाचली आहे.

संत्राबाग_मोर्शी
फवारणीबद्दल कोणी बोललं नाही. ए३६ ला आयपी६७ आहे, म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकतो. पण ती चाचणी साध्या गोड्या पाण्यातली असते. कीटकनाशकात तेल असते, चिकटवणारं द्रव्य असते. ते रबराच्या सीलला काय करेल याची हमी कोणी देत नाही. पंप पाठीवर असताना फोन प्लॅस्टिकच्या झिप पिशवीत टाका, मग तो तीस हजाराचा असो की आठ हजाराचा. आणि हात धुतल्याशिवाय फोन कानाला लावू नका, हे फोनपेक्षा महत्त्वाचं आहे.

मेळघाटची_लेक
आमच्याकडे प्रश्न फोनचा नाही, टॉवरचा आहे. धारणीच्या पुढे काही गावांत अजून टेकडीवर चढून बोलावं लागतं. फाइव्ह-जी फोन घेऊन तिथं काय करायचं? दादा, तुमच्या वावरात फाइव्ह-जी येतं का, ते गावात कोणाच्या फोनवर पाहिलं का? घरात येतं आणि वावरात येत नाही, असंही असतं.

लाइनमन_पुसद
ताईनं बरोबर जागी बोट ठेवलं. नेटवर्क समजून घ्या. देशात फाइव्ह-जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा, म्हणजे एन७८, वेगवान असतो, पण टॉवरपासून फार लांब जात नाही, भिंतीनं अडतो. जिओकडं ७०० मेगाहर्ट्झचा पट्टाही आहे, त्याला एन२८ म्हणतात. तो लांब जातो, वेग कमी पण वावरापर्यंत पोहोचतो. म्हणून फोनच्या माहितीपत्रकात एन२८ आणि एन७८ दोन्ही लिहिलेत का पाहा. जिओचं फाइव्ह-जी फोर-जीच्या आधाराशिवाय चालतं, त्यामुळे फोनमध्ये एसए, म्हणजे स्टँडअलोन, पाहिजेच.

बीएसएनएलचं स्वदेशी फोर-जी सप्टेंबर २०२५ मध्ये देशभर सुरू झालं. त्यातही ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा वापरतात. काही जुन्या फोनांत तो पट्टाच नसतो, मग शेजाऱ्याला रेंज आणि आपल्याला नाही असं होतं. टॉवरला शिव्या देण्याआधी हे तपासा.

रिचार्जचंही पाहा. जुलै २०२४ च्या दरवाढीपासून जिओ-एअरटेलचं अमर्याद फाइव्ह-जी मुख्यतः रोजच्या २ जीबी किंवा त्यावरच्या प्लॅनवर मिळतं. दीड जीबीचा प्लॅन मारत असाल तर फोन नवा घेऊन दर महिन्याचा खर्चही वाढतो.

वावरातला
सगळ्यांचे आभार. मोबाईलडॉक्टर भाऊ, टूथपिक घातली. आतून एवढा कापूस निघाला की पाहून माय हसली, म्हणे सरकी तेवढी राहिली. केबल आता टक् करून बसते, चार्जिंग हलत नाही. मात्र बॅटरी अजूनही दुपारीच बसते.

मेळघाटच्या ताई, वावरात फोर-जीच्या दोन काड्या येतात. विहिरीजवळ फाइव्ह-जी पाहिलं नाही, गावात चौकात येतं.

मोबाईलडॉक्टर_आर्वी
वा! तुमचा अर्धा प्रश्न दोन रुपयाच्या काडीनं सुटला. चार वर्षाची बॅटरी बसनच. लिथियमची बॅटरी पाचशेक वेळा पुरी भरली-रिकामी झाली की साधारण ८० टक्क्यावर येते, मंग उतरतच जाते. तुमच्यासारख्या फोनची चांगली बॅटरी बसवून हजार-दीड हजारात काम होते. स्वस्तातली घेऊ नका. फुगली तं पाठ उचलून येते, मंग ते चार्जिंगले लावाच नका, सरळ दुकानात आना. टोचू नका, दाबू नका.

एक गोष्ट ध्यानात ठेवा: फोन एकदा उघडला की पाण्यापासून जे संरक्षण होतं ते पैल्यासारखं राहात नाही.

झाडीपट्टी
साकोलीकडून. आमचा धान आहे, कापूस नाही, पण ई-पीक पाहणी सगळ्यांचीच. तिथं ॲप बंद पडण्याचं कारण बऱ्याचदा भरलेली जागा असते. फोटो साठवायला जागा नाही म्हणून ॲप मरतं. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये साठवणीचं पान आहे, तिथं मोठ्या फाइली वरून खाली रचलेल्या दिसतात. लग्नाचे व्हिडिओ, शुभ सकाळचे फोटो, सगळं तिथं सापडतं. ते काढा आणि मग ॲप चालवून पाहा.

जीपीएसचं म्हणाल तर उघड्या वावरात साधा फोनही पुरतो. फक्त बांधावर पोहोचल्या पोहोचल्या फोटो घेऊ नका. झाडाखालून बाहेर या, थोडं थांबा, निळा ठिपका स्थिर होऊ द्या. रेंज नसली की फोनला उपग्रह शोधायला जास्त वेळ लागतो, कारण नेट असलं की त्याला उपग्रहांची माहिती आधीच मिळते.

आशाताई_वणी
ठसा वाचणं हा आणखी एक मुद्दा. कापूस वेचून बोंडाच्या काट्यांनी बोटं चिरलेली असतात, ठसा लागत नाही. आधारच्या मशीनवरही बायांचे अंगठे लागत नाहीत. ए३६ मध्ये ठसा स्क्रीनच्या आतून घेतला जातो, ए२६ मध्ये बाजूच्या बटणावर आहे. माझा अनुभव, बाजूचं बटण जरा बरं चालतं. तरी पिन पाठ असू द्या.

संत्राबाग_मोर्शी
ए२६ चं नाव निघालं म्हणून. तोही मार्च २०२५ चाच. ८-१२८ ला २४,९९९ होता. अपडेट तेवढेच सहा वर्षं, आयपी६७ तेच, ५००० एमएएच बॅटरी तीच, स्क्रीन ६.७ इंच तेवढीच. चार्जिंग २५ वॉट, ए३६ ला ४५. आणि एक मोठा फरक: ए३६ मध्ये मेमरी कार्ड लागत नाही, ए२६ मध्ये लागतं. गेम न खेळणाऱ्यानं वरचे आठ हजार कशासाठी द्यायचे, मला दिसत नाही.

लाइनमन_पुसद
संत्राबाग भाऊ, ए२६ ला जागा सामाईक आहे. एक सिम आणि कार्ड, नाहीतर दोन सिम. वावरातला भाऊंना दोन सिमही पाहिजेत आणि कार्डही. तसं असेल तर सरळ २५६ जीबीचा घ्यावा आणि जुने फोटो फोनला थेट लागणाऱ्या (ओटीजी) पेनड्राइव्हवर काढून ठेवावेत.

वावरातला
हे मला माहीतच नव्हतं. दोन सिम सोडता येत नाहीत. एक घरात चालते, दुसरी वावरात. रात्रीच्या पाळीत मोटर टाकायला गेलो की फोन लागलाच पाहिजे, घरचे जागे असतात.

पांढरंसोनं
रात्रीच्या पाळीचं निघालं म्हणून विषय सोडून बोलतो. शेतीच्या वीजवाहिनीला कधी दिवसा वीज, कधी रात्री. थंडीत, साप-विंचवात, हातात मोबाईलचा टॉर्च घेऊन माणसं ओलीत करतात. आमच्याकडे रानडुकरं आहेत, खाली ताडोबाकडे तर वाघ. सौर कृषी वाहिनी या सरकारी योजनेतून दिवसा वीज मिळाली तर अर्ध्या गावाला मोठ्या बॅटरीचा फोन लागणार नाही. टॉर्च मात्र वेगळी घ्या भाऊ. फोनची बॅटरी उजेडात घालवू नका, ती बोलायला राहू द्या.

मेळघाटची_लेक
पांढरंसोनं काकांच्या बोलण्याला पूर्ण पाठिंबा.

नागपुरी_संत्रा
आमच्या सीताबर्डीत या, ए३६ हप्त्यावर देतात, शून्य टक्के. आज घ्या, पुढच्या महिन्यापासून भरा.

गुरुजी_दारव्हा
हप्त्याबद्दल मला कळकळीनं बोलायचं आहे. नोकरदाराला महिन्याला पगार असतो. शेतकऱ्याच्या घरात पैसा दिवाळी ते संक्रांत येतो, आणि जूनमध्ये बी-खताला जातो. हप्ता मात्र दर महिन्याच्या त्याच तारखेला कापला जातो. खात्यात रक्कम नसली की बँकेचा दंड वेगळा, फायनान्सवाल्याचा वेगळा. काही फायनान्स कंपन्या फोनमध्येच कुलूप टाकतात, हप्ता चुकला की फोन बंद. आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, खराब झालं तर पीक कर्जाला बँकेत गेल्यावर तो फोनचा हप्ता समोर येतो. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांबरोबर हे झालं. दीड हजाराच्या हप्त्यापायी कर्जाची फाइल अडून राहिली.

शून्य टक्क्यातही प्रोसेसिंग फी असते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. रोख घ्यायची ऐपत ज्या महिन्यात असेल, त्याच महिन्यात फोन घ्यावा.

पुण्यातला_वऱ्हाडी
हे मात्र शंभर टक्के. जुना फोन विकत घेणाऱ्यांसाठीही एक सांगतो. पैसे देण्याआधी *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, पाहा, मग केवायएम लिहून जागा सोडून तो नंबर टाका आणि १४४२२ वर एसएमएस करा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळतं. सरकारच्या संचार साथी ॲपवरही हीच सोय आहे. आणि बिलाशिवाय घेऊ नका.

कपाशीवाली_दर्यापूर
मी वेगळं सांगते. तुम्ही सगळे दादा लोक तुमच्या फोनचं बोलताय. आमच्या घरात चांगला फोन नेहमी बाप्याजवळ आणि फुटका बाईजवळ. लाडक्या बहिणीची केवायसी असो की बचत गटाचं ॲप, तो फुटकाच हातात येतो आणि मग काम अडतं. वावरातला भाऊ, नवा घेतलाच तर जुन्यात नवीन बॅटरी टाकून द्या वहिनीला. बॅटरी बसलेला देऊ नका.

आशाताई_वणी
ताई, अगदी बरोबर. मी रोज घरोघरी हेच पाहते.

झाडीपट्टी
एक हिशोबाची गोष्ट राहिली. सॅमसंगची ही ए मालिका दर मार्चमध्ये बदलते. ए५४ मार्च २०२३, ए३५ मार्च २०२४, ए३६ मार्च २०२५. नवीन आला की मागचा उतरतो. आजचा ए३६ आणखी चार महिन्यांनी कमी पैशात मिळेल, अपडेट मात्र त्याला २०३१ पर्यंतच राहतील. मी असतो तर तोवर थांबलो असतो.

आणि ॲडॉप्टर डब्यात येत नाही हे लक्षात ठेवा. घरी असलेलाच वापरायचा तर त्यावर इनपुट १००-२४० व्होल्ट लिहिलेलं आहे का आणि बीआयएसची (सरकारी मानकाची) खूण आहे का ते पाहा. आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरतं, फुकट मिळालेले चार्जर तिथंच जळतात.

वावरातला
मंडळी, घरात बसून ठरवलं. जागा मोकळी केली, ॲप चालायला लागलं. तुरीचा फोटो बंद न पडता गेला.

आता फोन घेत नाही. उद्या जुन्यात चांगली बॅटरी टाकतो. कापूस सीसीआयला गेला आणि पैसे खात्यात आले की मार्चमध्ये २५६ जीबीचा ए२६ रोखीनं घेणार, २७,९९९ ला आला होता, तोवर काही तरी उतरेल. ए३६ हातात घेऊन उन्हात पाहिला, स्क्रीन खरंच चांगली आहे. पण मला त्यातलं जे हवं ते बहुतेक सगळं ए२६ मध्ये आहे. पोराला सांगितलं, तो जरा नाराज आहे. गुरुजींचं अपडेटचं म्हणणं पटलं, म्हणून तोवर बँकेच्या ॲपमध्ये रोजची मर्यादा कमी करून ठेवली आणि मोठी रक्कम दुसऱ्या खात्यात टाकली, जे फोनला जोडलेलं नाही. जुना फोन नवीन बॅटरीसकट बायकोच्या हाती जाईल, दर्यापूरच्या ताईंना शब्द देतो. तिचं बँक खातं त्यात जोडणार नाही, गटाच्या कामापुरता ठेवू.

कपाशीवाली_दर्यापूर
वहिनीला विचारून ठरवा भाऊ, कशापुरता ठेवायचा ते. 🙂 बाकी निर्णय छान.

गुरुजी_दारव्हा
मर्यादा कमी केली ते फार चांगलं केलंत. इतरांनीही आजच करून घ्यावी, फोन नवा असो की जुना.

वावरातला
ताई, विचारतो. डॉक्टर भाऊ, बॅटरीसाठी आर्वीलाच येऊ का? आमच्याहून फार लांब नाही.

मोबाईलडॉक्टर_आर्वी
या ना भाऊ. येण्याच्या आधी फोटो आन् नंबर पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, फोनचं मॉडेल मले इथं निरोपात पाठवा, म्हंजे बॅटरी नागपूरहून मागवून ठेवतो. आन् सकाळीच या, दुपारी आमच्या लाइनीचा भरोसा नसते.